देवडीवरचा जुना संगणक

मध्यमवर्गीय घरांत जुनी वस्तू सहसा टाकली जात नाहीं. ती माळ्यावर जाते. तुटक्या दांड्याची छत्री, काटे थांबलेलें घड्याळ, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या जोडीस जाऊन बसलेला मेजावरचा जुना संगणक. एके काळीं हप्त्यांनीं घेतलेला, मुलांच्या शिक्षणाच्या नांवाखालीं घरांत आलेला, आणि पहिल्या दिवशीं हळदकुंकू वाहून ज्याचें स्वागत झालें तो हा संगणक आज चादरीखालीं धूळ खात पडलेला असतो. कांहीं जाणते लोक त्यास माळ्यावरून खालीं उतरवितात, जाळ्याची तार जोडावयाचें आणखी एक कार्ड त्यांत बसवितात, आणि घरांतील इंटरनेटच्या दारावर राउटर म्हणून त्याची नेमणूक करतात. दिवाणखान्यांतला मानकरी देवडीवरचा पहारेकरी होतो. पाहणाऱ्यास ही काटकसरीची युक्ति वाटते. कोणी तीस 'जुगाड' असेंहि म्हणतो. आमचें म्हणणें निराळें आहे. राउटरचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, साध्या संगणकास देवडीवर बसविणें ही या विद्येची मूळ रीतच होय. मध्यंतरीं आपण ती विसरलों, इतकेंच.

प्रथम या द्वारपालाचें काम काय असतें तें पाहूं. इंटरनेटवर जाणारा मजकूर, चित्र किंवा आवाज अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकडा जणूं पाकिटांत घालतात, आणि पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहितात. हा पत्ता म्हणजे एक संख्या असते. जेथें दोन जाळीं एकमेकांस मिळतात तेथें पाकीट घ्यावयाचें, पत्ता वाचावयाचा, आपल्या नोंदींशीं ताडून पाहावयाचा आणि योग्य त्या वाटेनें पाकीट पुढें सोडावयाचें, एवढेंच राउटरचें काम. रेल्वेच्या टपालडब्यांत पत्रांची छाटणी करणाऱ्या सॉर्टरचें काम याहून फारसें निराळें नव्हे. वाचणें, ताडणें आणि पुढें देणें या तिन्ही गोष्टी कोणताहि संगणक करूं शकतो. त्यास केवळ दोन दारें हवींत, एक बाहेरचें व एक आंतलें.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंत होतो. तेथील संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेनें निरनिराळ्या विद्यापीठांतील मोठे संगणक एकमेकांस जोडण्याचा बेत आंखला होता. परंतु प्रत्येक ठिकाणचें यंत्र निराळ्या जातीचें, आणि आपल्या महागड्या यंत्रावर परक्याच्या निरोपांचें ओझें घेण्यास कोणी फारसें उत्सुक नव्हतें. तेव्हां १९६७ सालीं वेस्ली क्लार्क यांनीं असें सुचविलें कीं, मोठ्या संगणकांस या कामांत गुंतवूं नये. प्रत्येकाच्या दाराशीं एक लहान संगणक ठेवावा, आणि निरोपांची ने-आण या लहानांनींच आपसांत करावी. द्वारपालाच्या कल्पनेचा हा जन्म होय. तें काम मॅसॅच्युसेट्समधील 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीकडे आलें. फ्रँक हार्ट यांच्या हाताखालच्या मंडळींनीं यासाठीं मुळापासून नवें यंत्र घडविलें नाहीं. हनीवेल कंपनीचा डीडीपी-५१६ हा बाजारांत मिळणारा संगणक त्यांनीं घेतला, त्याचें पोलादी कपाट भक्कम करून घेतलें, आणि त्यास नवें काम शिकविलें. 'लहान' म्हणावयाचा, तरी त्याचें वजन सुमारें चारशें किलो होतें. यांपैकीं पहिला संगणक १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत पोहोंचला, आणि २९ ऑक्टोबरच्या रात्रीं तेथून स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेकडे पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता; त्याचीं पहिलीं दोन अक्षरें पोहोंचलीं आणि पलीकडचा मोठा संगणक बंद पडला. दारावरच्या लहान संगणकांनीं मात्र आपलें काम चोख केलें होतें.

पुढें १९७४ सालीं व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं निरनिराळ्या जातींचीं जाळीं एकमेकांस कशीं जोडावीं याची पद्धति मांडली, आणि दोन जाळ्यांच्या सांध्यावर बसणाऱ्या यंत्रास 'गेटवे', म्हणजे आपल्या भाषेंत वेस, असें नांव दिलें. त्या दशकांतल्या वेशीहि पीडीपी-११ या सर्वसाधारण संगणकांवरच उभारल्या गेल्या. याच संगणकाचा एक धाकटा भाऊ एलएसआय-११ नांवाचा होता. डेव्हिड मिल्स यांनीं त्यावर 'फझबॉल' नांवाची आपली प्रणाली चालविली. आणि १९८६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननें सहा ठिकाणें जोडणारें देशव्यापी जाळें सुरू केलें तेव्हां त्याच्या नाक्यांवर हींच यंत्रें बसविलीं. तारांची गति सेकंदास ५६ हजार बिट. आजच्या हिशेबानें अगदींच क्षुल्लक.

येथें घडलेली एक गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. थोड्याच काळांत या तारांवर इतकी गर्दी झाली कीं, पडद्यासमोर बसून दूरच्या संगणकावर काम करणारा मनुष्य एकेका अक्षरासाठीं ताटकळूं लागला. तेव्हां फझबॉलांस असा नियम घालून दिला गेला कीं, अशा मनुष्याचीं पाकिटें आधीं सोडावीं, आणि फाइलींचीं व पत्रांचीं पाकिटें मागें थांबवावीं. तारा वाढल्या नाहींत, यंत्रें बदललीं नाहींत. केवळ देवडीवरचा हुकूम बदलला, आणि कोणी थांबावें व कोणी पुढें जावें हें बदललें. हुकूम शहाणपणाचा होता यांत संशय नाहीं. परंतु द्वारपाल हा निर्जीव नळ नव्हे, तो निवड करतो, आणि ती निवड कोणीतरी लिहून ठेवलेली असते, हें या प्रसंगावरून स्पष्ट होतें. १९८८ सालीं याच जाळ्याची गति वाढविण्यांत आली. तेव्हांहि नव्या नाक्यांवर आयबीएमचे 'आरटी' नांवाचे मेजावर काम करावयाचे संगणकच, प्रत्येक नाक्यावर नऊ नऊ, जोडून बसविले होते.

मग राउटर म्हणजे एक निराळीच बंद पेटी, ही समजूत कोठून आली? ती व्यापारांतून आली. स्टॅनफर्ड विद्यापीठांत विल्यम यीगर यांनीं राउटरचें सॉफ्टवेअर लिहिलें होतें, आणि अँडी बेख्टोल्शाइम यांनीं मेजावरच्या संगणकासाठीं आंखलेला फलक त्याच्या कामीं आला होता. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सिस्को कंपनीनें १९८७ सालीं या दोहोंचा परवाना विद्यापीठाकडून घेतला. पेटी सुबक झाली, तिच्यावर कंपनीची मोहोर आली, आणि आंत संगणक आहे हें सामान्य माणसास दिसेनासें झालें. यांत कांहीं अपराध होता असें आम्ही म्हणत नाहीं. जाळें इतकें पसरलें तें या पेट्यांमुळेंच.

तथापि जुनी रीत अगदींच मेली नव्हती. हौशी रेडिओवाल्यांपैकीं फिल कार्न यांनीं, आपली बिनतारी खूण केए९क्यू हीच नांवादाखल देऊन, १९८० नंतरच्या दशकांत एक सॉफ्टवेअर लिहिलें. त्याच्या योगें घरगुती संगणकहि पाकिटें पुढें देऊं लागला. १९९१ सालीं लिनक्स जन्मास आलें, आणि त्याच्या पाठोपाठ मोफत मिळणाऱ्या बीएसडी प्रणाली आल्या. याच सुमारास एक नवीच अडचण उभी राहिली. इंटरनेटचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सारे मिळून सुमारें ४२९ कोटि. आणि जगांतील यंत्रें तर भराभर वाढत चाललेलीं. १९९४ सालीं एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनीं यावर तोड मांडली कीं, घरांतल्या यंत्रांस खासगी पत्ते द्यावे आणि बाहेर जातांना द्वारपालानें त्या सर्वांवर आपलाच पत्ता घालावा. उत्तर आलें म्हणजे तें कोणाचें याची नोंद पाहून आंत पोहोंचवावें. १९२.१६८ या अंकांनीं सुरू होणारे जे पत्ते आपण घरोघर पाहतों, ते १९९४ सालीं अशाच खासगी उपयोगासाठीं राखून ठेवलेले आहेत. लिनक्सवाल्यांनीं या विद्येस 'मॅस्करेडिंग', म्हणजे बहुरूप्याचें सोंग, असें नांव दिलें. या सोंगामुळें एका जोडणीवर सारें घर चालूं लागलें, आणि टाकाऊ संगणकास पुन्हा काम मिळालें. 'लिनक्स राउटर प्रोजेक्ट' या नांवानें ओळखलें जाणारें सॉफ्टवेअर तर १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपींत मावत असे. ना हार्डडिस्क, ना पडदा. फ्लॉपीची लेखनखिडकी उघडी ठेवली कीं तिच्यावर कोणास कांहीं लिहितां येत नसे, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलें कीं द्वारपाल पूर्वीसारखा निर्मळ उभा राही.

आपल्याकडे पाहावें तर १९८६ सालीं सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यांत मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी या दोन्ही संस्था पहिल्यापासून होत्या. सामान्य नागरिकांस मात्र इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाकडून. तेव्हां एक टेलिफोन, एक मोडेम आणि एक संगणक असा मामला होता. देवडीची गरजच नव्हती. २००४ च्या धोरणानें सेकंदास किमान २५६ हजार बिट गतीस 'ब्रॉडबँड' म्हटलें, जोडणी दिवसभर चालू राहूं लागली, घरांत दुसरा संगणक आला, पुढें प्रत्येकाच्या हातीं फोन आला. आणि एके दिवशीं कोणीतरी भिंतीवर एक पेटी ठोकून गेला. त्या पेटीच्या आंत काय आहे हें आम्ही कधीं विचारलें नाहीं, आणि ठोकणाऱ्यानेंहि सांगितलें नाहीं.

आंत काय असतें तें जगास २००३ सालीं चांगलेंच कळलें. लिंक्सिस कंपनीची डब्ल्यूआरटी५४जी ही निळी-काळी पेटी तेव्हां घरोघर विकली जात होती. तिच्यांत लिनक्स असल्याचें जिज्ञासूंनीं ओळखलें. लिनक्सचा परवाना असा आहे कीं, तें वापरून कोणी यंत्र विकलें तर त्यांतील लिनक्सचा मूळ मजकूरहि घेणाऱ्यांस खुला करावा लागतो. मागणी झाली, कंपनीनें मजकूर प्रसिद्ध केला, आणि त्यांतून २००४ सालीं 'ओपनडब्ल्यूआरटी' ही मुक्त प्रणाली उभी राहिली. पेटी म्हणजे वेषांतर केलेला लहानसा संगणकच, हें अशा रीतीनें उघड झालें. जुन्या संगणकांसाठीं मानुएल कास्पर यांचें 'मोनोवॉल' २००३ सालीं निघालें होतें; त्यापासून 'पीएफसेन्स', आणि पुढें २०१५ सालीं 'ओपीएनसेन्स' अशी वंशावळ चालू राहिली.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी, कारण त्या लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जुना संगणक वीज खातो. साठ वॉटचें यंत्र अहोरात्र चाललें तर महिन्यास सुमारें ४३ युनिटें होतात. आठ वॉटच्या पेटीस सहाहि पुरतात. तेव्हां फुकटचा द्वारपाल पगाराशिवाय राहतो असें कोणीं समजूं नये. फार जुनें ३२ बिटांचें यंत्र असेल तर सर्वच प्रणाली त्यावर चालत नाहींत. पीएफसेन्सनें २०१७ सालींच तीं यंत्रें सोडलीं. बिनतारी सोयीसाठीं निराळें साधन लागतें. त्याकरितां जुनी पेटीच पुन्हा कामास लावतां येते. पंखा आवाज करतो, आणि वीज गेली कीं देवडी ओस पडते.

एवढें असूनहि आम्ही या खटाटोपास मोल देतों तें पैशांच्या हिशेबानें नव्हे. आपल्या घरांतून जाणारें प्रत्येक पत्र, बँकेचा प्रत्येक व्यवहार, मुलांचा प्रत्येक प्रश्न या एका दारांतून जातो. दारावरच्या पेटीस कोणते हुकूम आहेत हें आपणांस ठाऊक नसतें. तिच्यांत दोष सांपडला तर तिचा कर्ता तो किती वर्षें दुरुस्त करीत राहील हेंहि आपल्या हातीं नसतें. जुन्या संगणकावर हे सारे हुकूम यजमानास वाचतां येतात. न बोलावतां येणाऱ्यास आंत घेऊं नये, अमक्या यंत्रानें रात्रीं दहानंतर बाहेर जाऊं नये, जावयाचें तर त्याची नोंद व्हावी, हे नियम घरच्यांनीं एकत्र बसून ठरवावे, आणि चुकले तर बदलावे. मुलावर रात्रीं दहाचा नियम घालणाऱ्या बापासहि तो नियम मुलासमोर लिहावा लागतो, हा त्यांतला आणखी एक लाभ. फझबॉलांच्या रांगेंत मागें थांबलेल्यांस आपण कां थांबलों हें विचारण्याची जी सोय नव्हती, ती निदान घरांत तरी असावी.

असो. ज्यास विजेचें बिल सोसवत नसेल त्यानें पेटीच ठेवावी. पण एखाद्या सुटीच्या दिवशीं माळ्यावरचा संगणक खालीं उतरवून, घरांतल्या मुलांस सोबत घेऊन, एकदां तरी त्यास देवडीवर बसवून पाहावें. मग पेटी परत लावली, तरी तिच्या आंत काय चाललें आहे हें घरांतल्या कोणास तरी ठाऊक असेल.