बोर्दोची लाल वाइन आणि जुनेपणाचे मोल

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो शहराच्या नावाने ओळखली जाणारी लाल वाइन जितकी मुरेल तितकी मोलाची ठरते, अशी समजूत आज सर्वत्र रूढ असली, तरी या वाइनच्या इतिहासातील फार मोठा कालखंड नेमक्या उलट व्यवहाराचा आहे. ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनची डचेस एलेनॉर हिचा विवाह हेन्री प्लांटाजेनेटशी झाला, दोन वर्षांनी तो इंग्लंडच्या गादीवर आला, आणि तेव्हापासून १४५३ मधील कास्तियोंच्या लढाईपर्यंत हा मुलूख इंग्रज राजांकडे राहिला. या तीन शतकांत द्राक्षांचा हंगाम आटोपताच जहाजांचे ताफे नव्या वाइनची पिंपे भरून इंग्लंडकडे निघत. ही ‘क्लेरे’, म्हणजे द्राक्षांची साले रसात थोडाच वेळ ठेवून केलेली फिकट लाल वाइन, पिंपात हवा शिरली की उन्हाळ्यापर्यंत आंबटावत असे. त्यामुळे नवा माल बंदरात उतरताच मागील वर्षीच्या वाइनचा भाव कोसळे.

या व्यवहारात बदल घडवला तो प्रथम डच व्यापाऱ्यांनी. सतराव्या शतकात त्यांच्या अभियंत्यांनी गारोन नदीच्या आणि तिच्या पुढील खाडीच्या डाव्या तीरावरील मेदोक भागातल्या दलदलीचा निचरा केला, तर व्यापाऱ्यांनी रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळण्याची रीत रुजवली. त्या धुराने वाइन बिघडवणारे सूक्ष्मजीव दबतात, हे कारण त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते; वाइन टिकते एवढा अनुभव मात्र पुरेसा होता. याच सुमारास आर्नो द पोंताक या जमीनदाराने आपल्या ओ-ब्रियों मळ्याची वाइन मळ्याच्याच नावाने लंडनमध्ये विकण्यास आरंभ केला, आणि सॅम्युएल पीप्सने १० एप्रिल १६६३ च्या रोजनिशीत तिच्या वेगळ्या चवीची नोंद केली. चवीवरून एका विशिष्ट मळ्याची ओळख पटावी, ही अपेक्षा येथून पुढे दृढ होत गेली.

तथापि पिंपात वाइन टिकणे वेगळे आणि बाटलीत ती वर्षानुवर्षे मुरणे वेगळे. आरमारासाठी लाकूड राखावे म्हणून इंग्लंडमध्ये १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास राजाज्ञेने बंदी आली; भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या आणि त्यांच्या प्रखर आचेतून जाड, गडद, मजबूत बाटली निघू लागली. तिला पोर्तुगालच्या बुचाची जोड मिळाली. अठराव्या शतकात बाटलीचे फुगीर पोट जाऊन ती सरळ, नळकांड्यासारखी झाली, त्यामुळे ती आडवी रचता येऊ लागली आणि वाइनने भिजलेले बूच फुगून घट्ट बसू लागले. दीर्घकाळ मुरलेल्या वाइनची कल्पना वस्तुतः या आडव्या बाटलीतून जन्मली.

मळेवाल्यांच्या वैभवापेक्षा या इतिहासात अधिक मान द्यावा तो शार्त्रों या नदीकाठच्या वस्तीतील पेढ्यांच्या तळघरांना, कारण हंगामानंतर वाइन तेथे येई आणि तेथेच तिचे संगोपन होई. २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात वाइन ठेवून, बाष्पीभवनाने आलेली तूट वरचेवर भरून काढली जाई. दर तीन-चार महिन्यांनी निवळलेली वाइन तळच्या साक्यावरून दुसऱ्या पिंपात काढताना कामगार धारेजवळ मेणबत्ती धरून पाहत आणि धार गढूळ दिसताच तोटी बंद करत. पुढे पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून पिंपात मिसळला जाई. तो अतिरिक्त तुरट द्रव्य, म्हणजेच टॅनिन, बरोबर घेऊन तळाशी बसे.

उरलेले टॅनिन आणि रंगद्रव्ये बाटलीत हळूहळू एकमेकांशी जोडली जातात आणि त्यांतील काही जड होऊन साका धरतात. म्हणून जांभळट रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणा मवाळ होतो आणि ताज्या फळांच्या वासाची जागा सुकी पाने, चामडे, तंबाखू यांचे गंध घेतात. वाढण्याची रीतही यातूनच आली: बाटली आदल्या दिवशी उभी करून साका खाली बसू द्यावा, मग तिच्या मानेखाली मेणबत्ती ठेवून, साक्याची रेघ मानेशी येईपर्यंत वाइन संथपणे काचेच्या सुरईत ओतावी. तळघरातला तोटीजवळचा दिवा अशा रीतीने जेवणाच्या मेजावर आला.

थॉमस जेफरसन १७८७ मध्ये बोर्दोला गेला, तेव्हा उत्तम वाइन तीन-चार वर्षांत पक्व होते, अशी त्याची नोंद होती. पुढील शतकात ही मुदत दशकांवर गेली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मेदोकच्या लाल वाइनची पाच श्रेणींची यादी दलालांनी सिद्ध केली, तिचा आधार बाजारातील दीर्घकालीन भाव हा होता, आणि ग्राव्ह भागातील ओ-ब्रियोंचा तीत अपवाद म्हणून समावेश झाला. त्यानंतर फायलोक्सेरा किडीने आणि केवडा रोगाने वेलींची धूळधाण केली. रस्त्याकडेच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडलेल्या वेली रोगातून वाचल्याचे पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले, आणि १८८५ मध्ये त्याने त्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. नाशिक-सांगलीचे बागाईतदार आजही फवारतात ते बोर्डो मिश्रण हेच.

पेढ्यांच्या तळघरांत वाइनमध्ये स्पेनची किंवा ऱ्होन खोऱ्यातील एर्मिताजची गडद वाइन मिसळण्याचा प्रघातही होता, त्यामुळे बाटलीवरील नावाची खात्री मळेवाल्याला देता येत नसे. १९२४ मध्ये मुतों-रोथशिल्डच्या फिलिप द रोथशिल्ड याने आपली संपूर्ण वाइन मळ्यावरच बाटलीबंद करण्याचा निर्णय घेतला, इतर अग्रणी मळ्यांनीही ती वाट धरली, आणि पिंपातील संगोपनाची जबाबदारी शार्त्रोंकडून मळ्याकडे, तर बाटलीतील मुरवणुकीची बव्हंशी गिऱ्हाइकाच्या तळघराकडे गेली.