शीच्या रंगाचं कार्ड

तान्ह्या बाळाची शी पिवळी किंवा हिरवट असते. तो रंग पित्ताचा. यकृतातून आतड्याकडे जाणाऱ्या पित्तनलिका बुजल्या, की पित्त यकृतातच साचतं आणि शी शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते. 'बिलिअरी अट्रेझिया' हा तो आजार. बाळ मात्र गुटगुटीत, दूध नीट पिणारं. डोळ्यांत जरासा पिवळेपणा. घरातली मोठी माणसं म्हणतात, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. नवजात बाळाची साधी कावीळ खरोखरच उतरते, म्हणून तर फसगत होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यातली बहुतेक बाळं 'दुरुस्त न होणारी' म्हणूनच गणली जात. 1955 साली जपानमधल्या सेंदाईत, तोहोकू विद्यापीठात, मोरिओ कासाई यांनी अशाच एका 72 दिवसांच्या बाळाचं पोट उघडलं. जोडायला नलिकाच सापडेना. यकृताच्या दाराशी कापलं तर रक्त थांबेना, म्हणून त्यांनी तिथे आतडं टेकवून धरलं, असं सांगतात. पुढे त्या कापलेल्या जागेतून पित्त झिरपू लागलं. यातूनच यकृताला थेट आतडं जोडण्याची 'कासाई शस्त्रक्रिया' घडत गेली. त्यांचा पहिला लेख 1959 चा, पण जपानीत. इंग्रजीत तो यायला 1968 उजाडलं. तोवर बाहेरच्या सर्जनांना त्याचा फारसा पत्ता नव्हता.

शस्त्रक्रियेला मुदत असते. साधारण 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की यकृत कडक होत जातं. म्हणजे खरी अडचण ऑपरेशन टेबलाच्या आधीची, लंगोटातली!

ती सोडवली एका कागदानं. 1994 मध्ये जपानच्या तोचिगी प्रांतात अकिरा मात्सुई यांनी शीच्या रंगांचे नमुने छापलेलं कार्ड आयांच्या हाती दिलं. महिन्याच्या तपासणीला येताना बाळाची शी कुठल्या रंगाशी जुळते, एवढं सांगायचं. तैवाननं 2002 मध्ये काही भागांत हे कार्ड वापरून पाहिलं आणि 2004 पासून देशभरातल्या बालआरोग्य पुस्तिकेत घातलं. जपानमध्येही ते 2012 मध्ये माता-बाल पुस्तिकेत गेलं. छपाईच्या खर्चात एवढं काम करणारी तपासणी विरळाच.

शस्त्रक्रियेनंतरही पाठपुरावा सुटत नाही. पित्त कमी, म्हणून स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. अ, ड, ई, के जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात, पित्ताविना पचणारं एमसीटी तेलही. पित्तनलिकांना जंतुसंसर्ग होतो, म्हणून ताप आला की अंगावर काढायचा नाही. बऱ्याच मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतं. भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण 1998 मध्ये दिल्लीत झालं, तेही याच आजाराच्या एका लहानग्यावर.

बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही दिसत असेल, तर डॉक्टरांना 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासायला सांगा. आणि शी पांढुरकी वाटली तर तिचा उजेडात फोटो काढून त्याच दिवशी दाखवा.