पी-५३ ची अँटिबॉडी: रंग दिसला नाही, म्हणजे काय?

मागच्या व्याख्यानात आपण विषाणू आणि कर्करोग यांचं नातं पाहिलं. आज तोच धागा पुढे नेऊ.

१९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड एसव्ही-४० या माकडांतल्या विषाणूवर काम करत होते. विषाणूचं प्रथिन पकडायला अँटिबॉडी वापरली, तर त्याला चिकटून पेशीचं स्वतःचं एक प्रथिनही बाहेर आलं. त्याच वर्षी प्रिन्स्टनला आर्नोल्ड लेव्हिन यांच्याकडेही हेच घडलं. वजन ५३ किलोडाल्टन भासलं, म्हणून नाव पी-५३. गंमत बघा, खरं वजन ४४ च्या आसपास आहे. पण नाव पडलं ते पडलंच.

तेव्हाचा सिरम म्हणजे अनेक अँटिबॉडींची खिचडी. एकाच जागी नेमकी बसणारी अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला दाखवली होती. तिच्याच आधारे १९८१ मध्ये पीएबी-४२१ ही अँटिबॉडी आली. तरीही ऐंशीच्या दशकात बराच काळ पी-५३ कर्करोग वाढवतं असाच समज होता. का? तर प्रयोगात वापरलेली जनुकंच बिघडलेली होती! १९८९ मध्ये कळलं, की धड असलेलं पी-५३ गाठीला आवर घालतं.

१९९२ मध्ये व्होयतेशेक, लेन आणि सहकाऱ्यांनी डीओ-७ ही अँटिबॉडी मांडली. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यावरही ती चालते, म्हणून ती पॅथॉलॉजीत रुळली. आता नीट लक्ष द्या. डीओ-७ धड आणि बिघडलेलं, दोन्ही प्रथिनं पकडते. मग फरक कसा कळतो? निरोगी पेशी पी-५३ झपाट्याने मोडते, त्यामुळे रंग तुरळक आणि फिका दिसतो. बिघडलेलं प्रथिन बहुधा साचतं, आणि पेशींची केंद्रकं गडद तपकिरी होतात.

म्हणून सुरुवातीला हिशेब सोपा वाटला: रंग म्हणजे बिघाड, रंग नाही म्हणजे ठीक. पण काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही. तिथे गाठ पूर्ण कोरी दिसते, आणि तोही बिघाडच असतो. म्हणून आता शेजारच्या निरोगी पेशी आधी बघतात. त्यांच्यात फिका रंग आहे आणि गाठ कोरी, तर चाचणी नीट झाली आहे, पी-५३ च हरवलंय. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात या निकालावर उपचार किती जोरदार द्यायचे हे ठरतं. कोरी गाठ 'ठीक' म्हणून वाचली, तर त्या बाईला हवे तेवढे उपचार मिळत नाहीत.