नागरिकत्वाची लढाई आणि वकील सखाराम गणेश पंडित

अमेरिकेत 1790च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिक होण्याची मुभा फक्त ‘गोऱ्या’ व्यक्तींपुरती ठेवली. 1870मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ती मिळाली. आशियाई मात्र बाहेरच राहिले. भारतीयांना गोरे मानायचे की नाही, हे त्या त्या न्यायाधीशाच्या मतावर ठरे. असेच एक भारतीय, सखाराम गणेश पंडित, 1914मध्ये नागरिक झाले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये वकिली करू लागले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांची बाजू पंडितांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली. वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियन, म्हणून गोरे, ठरतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा. 1923मध्ये न्या. सदरलँड यांनी तो उडवून लावला: सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. गंमत अशी, की आदल्याच वर्षी एका जपानी अर्जदाराला तो कॉकेशियन नाही म्हणून याच न्यायालयाने नागरिकत्व नाकारले होते.

त्यानंतर सरकारने अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले. पंडितांवरही दावा झाला. या वेळी त्यांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला. नागरिकत्वावर विसंबून आपण वकिली आणि लग्न केले, मालमत्ता उभी केली आणि एकदा निकाल लागलेले प्रकरण सरकारला पुन्हा उकरता येणार नाही, असा शुद्ध कायद्याचा युक्तिवाद त्यांनी केला. तो अधिक पक्का होता. 1926मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. 1927मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार नाकारला. भारतीयांना नागरिकत्वाचा सर्वसाधारण हक्क मात्र 1946च्या कायद्यानेच मिळाला, आणि स्थलांतराचा वार्षिक कोटा होता अवघा 100.