‘रोह्यात’ मधला ‘ह्य’ बॅनरवर का तुटतो? लिगेचर आणि कर्निंगची सोपी माहिती

रोहा हे नाव लिहायला अगदी सोपे. अक्षरे दोन, जोडाक्षर एकही नाही. पण वाक्यात आले की त्याचे रोह्यात, रोह्याला, रोह्याच्या होते आणि नावात ‘ह्य’ येतो. रोह्याला लागून असलेल्या अष्टमीत ‘ष्ट’ आहे, ‘रायगड जिल्ह्यात’ म्हणताना ‘ल्ह्य’ येतो. पेण या नावातही जोडाक्षर नाही. पण पेण ज्यासाठी ओळखले जाते त्या ‘गणेशमूर्ती’त रफार आहे आणि त्या मूर्तीच्या ‘प्रतिष्ठापने’त ‘ष्ठ’.

गणपती जवळ आले की हे शब्द फ्लेक्सवर, कारखान्यांच्या पाट्यांवर, पावतीपुस्तकांवर आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टवर सगळीकडे दिसतात. त्यातच कुठेतरी ‘रोह्‌यात’ असा पाय मोडलेला ‘ह’ छापून येतो. रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी एक घर पुढे सरकते. दोष टाइप करणाऱ्याच्या शुद्धलेखनाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा टाइप केलेला मजकूर बरोबरच असतो, चूक सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगमध्ये असते.

संगणक ‘ह्य’ कसा साठवतो?

युनिकोडमध्ये ‘ह्य’ नावाचे वेगळे अक्षर नाही. तिथे ह, हलन्त आणि य अशी तीन चिन्हे एकापुढे एक साठवली जातात. ‘रोह्यात’ या शब्दाची एकूण सात चिन्हे होतात : र, ओकार, ह, हलन्त, य, काना, त. ‘महाराष्ट्र’ मधल्या एकट्या ‘ष्ट्र’ला पाच चिन्हे लागतात.

ही सुटी चिन्हे जोडून पडद्यावर जोडाक्षर दाखवण्याचे काम दोघे मिळून करतात. पहिला म्हणजे फॉन्ट. ओपनटाइप फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे तयार आकार असतात आणि कोणती चिन्हे एकत्र आली की कोणता आकार वापरायचा याचे नियमही असतात. दुसरा म्हणजे सॉफ्टवेअरमधले शेपिंग इंजिन. ते हे नियम वाचते, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेते. हार्फबझ हे असेच एक इंजिन आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिसमध्ये तेच वापरले जाते.

या दोघांपैकी एकाने काम केले नाही की जोडाक्षर तुटते. मोबाइलवर व्हॉट्सअॅपमध्ये नीट दिसणारा मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केल्यावर बिघडतो, त्याचे कारण हेच.

‘ह’ सारख्या अक्षरांचा त्रास जास्त का?

त, ग, म, ष यांना उजवीकडे उभी रेघ आहे. ती काढली की अर्धे अक्षर तयार होते. त्यामुळे ‘ष्ट’ करायला अर्धा ष आणि पुढे ट एवढे पुरते. ह, द, ट, ड, ढ यांना अशी रेघ नाही. त्यांच्यासाठी फॉन्ट बनवणाऱ्याला ह्य, द्य, द्व, ड्य असे आकार वेगळे काढावे लागतात. फॉन्टमध्ये तो आकार नसेल तर पायमोडके अक्षर दिसते. म्हणून फॉन्ट निवडताना तो ‘रोह्यात’ आणि ‘रेवदंड्यात’ या शब्दांवर तपासलेला बरा.

इंग्रजी लिगेचर म्हणजे मराठी जोडाक्षर नव्हे

इंग्रजीत एफ आणि आय ही अक्षरे जोडून दाखवतात, ते लिगेचर. ते बंद केले तरी शब्द तोच राहतो, फक्त थोडा कमी सुबक दिसतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमधला ‘लिगेचर्स’ हा पर्याय मुख्यतः अशा ऐच्छिक जोडण्यांसाठी असतो.

मराठीत जोडाक्षर ऐच्छिक नाही. ते शब्दाच्या लेखनाचाच भाग आहे. म्हणूनच ओपनटाइपमध्ये भारतीय लिप्यांसाठी अर्धे अक्षर, रफार, जोडाक्षर यांचे नियम वेगळे ठेवलेले आहेत आणि ते कायम चालू असणे अपेक्षित असते. त्यामुळे ‘लिगेचर्स’ला टिक करूनही ‘ह्य’ जुळत नसेल तर दोष त्या टिकचा नसतो. सॉफ्टवेअरचे भारतीय लिप्यांसाठीचे इंजिन चालू नाही, असा त्याचा अर्थ असतो.

खिळ्यांच्या काळातही हाच प्रश्न

छापखान्यात शिशाचे खिळे हाताने जुळवले जायचे तेव्हा प्रत्येक जोडाक्षराचा विचार आधीच करावा लागे. अखंड पद्धतीत अक्षर आणि मात्रा मिळून एकच खिळा असे, तर डिग्री पद्धतीत मात्रा वेगळ्या खिळ्यांवर असत. इंग्रजीच्या तुलनेत देवनागरीला कितीतरी जास्त खिळे लागत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेला निर्णयसागर छापखाना त्याच्या सुबक देवनागरी टाइपासाठी नावाजला गेला. तेव्हा ‘ह्य’ नीट छापायची जबाबदारी खिळा पाडणाऱ्यावर आणि तो जुळवणाऱ्यावर होती. आज तीच जबाबदारी फॉन्ट आणि इंजिनवर आहे.

संगणक आल्यावर मधली काही वर्षे वेगळाच मार्ग निघाला. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. टाइप करणारा ते तुकडे शेजारी ठेवून शब्द उभा करतो. छपाई सुंदर होते, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच राहतो. म्हणूनच तो व्हॉट्सअॅपवर पेस्ट केला की अगम्य इंग्रजी अक्षरे दिसतात आणि गुगलवर शोधून सापडत नाही. अशा मजकुरावर इंग्रजी लिगेचर, ऑटोकरेक्ट किंवा आपोआप बदलणारी अवतरणचिन्हे चालू ठेवली तर भलतेच तुकडे उमटतात. जुन्या फॉन्टसाठी हे पर्याय बंद ठेवावेत आणि नवे काम शक्यतो युनिकोडमध्येच करावे.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय करायचे?

इनडिझाइन : मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडायचा. साधा ‘पॅराग्राफ कंपोजर’ असेल तर जोडाक्षरे तुटतात. ही निवड पॅराग्राफ स्टाइलमध्येच करून ठेवली की प्रत्येक वेळी करावी लागत नाही. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी ठेवायची.

इलस्ट्रेटर : प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ला टिक करायची. त्यानंतर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोजर दिसतो, तो निवडायचा.

फोटोशॉप : जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन हा पर्याय निवडून, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू करावा लागतो. आधीच तयार असलेल्या टेक्स्ट लेयरला तो निवडून पुन्हा लावावा लागतो.

कोरलड्रॉ : ओपनटाइपची चांगली सोय एक्स६ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्तीत युनिकोड मराठीची जोडाक्षरे बिघडू शकतात, तिथे आवृत्ती बदलणे हाच उपाय.

वर्ड : मराठी जोडाक्षरांसाठी वेगळे काही करावे लागत नाही, मंगल किंवा निर्मला यूआय यांसारखा युनिकोड फॉन्ट पुरतो. ऐच्छिक लिगेचर आणि कर्निंगचे पर्याय कंट्रोल आणि डी दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीतल्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये आहेत. ‘कर्निंग फॉर फॉन्ट्स’ला टिक करून किती पॉइंटपासून ते लागू करायचे तो आकडा द्यायचा.

लिबरऑफिस : टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून त्याची भाषा मराठी ठेवायची. कर्निंगसाठी फॉरमॅट, कॅरेक्टर, पोझिशन या टॅबमध्ये ‘पेअर कर्निंग’ आहे.

लेटेक : झीलेटेक किंवा लुआलेटेक वापरून फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी असे लिहायचे. लुआलेटेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ निवडायचा.

कर्निंग म्हणजे काय आणि ट्रॅकिंग का टाळावे?

कर्निंग म्हणजे ठरावीक दोन अक्षरांच्या जोडीतले अंतर कमी-जास्त करणे. इंग्रजीत ए आणि व्ही शेजारी आले की मध्ये पोकळी दिसते, ती कर्निंगने भरून निघते. मराठीतही गोल आकाराचे ड, ट, ह आणि सडपातळ र यांच्या आजूबाजूला अशी पोकळी दिसू शकते. चांगल्या फॉन्टमध्ये अशा जोड्यांचे अंतर आधीच ठरवलेले असते. इनडिझाइनमध्ये ‘मेट्रिक्स’ निवडले की फॉन्टने ठरवलेले अंतर वापरले जाते. ‘ऑप्टिकल’ हा पर्याय सॉफ्टवेअरच्या अंदाजाने अंतर बदलतो, त्यामुळे मराठीसाठी ‘मेट्रिक्स’च सुरक्षित.

ट्रॅकिंग वेगळे. त्यात सगळ्याच अक्षरांमधले अंतर सारखे वाढते. इंग्रजी मथळ्याला ते शोभते. मराठीत मात्र अक्षरांना शिरोरेषा बांधून ठेवते. ट्रॅकिंग वाढवले की शिरोरेषेला फटी पडतात आणि ‘पेण’ मधला ‘पे’ आणि ‘ण’ दोन वेगळे शब्द वाटू लागतात. ओळ रुंद करायची असेल तर अक्षरांचा आकार वाढवावा किंवा शब्दांमधली जागा वाढवावी. अक्षरांमधली नको.

भाषा ‘मराठी’ का निवडायची?

देवनागरी हिंदीलाही आहे आणि मराठीलाही, पण काही अक्षरांची वळणे वेगळी आहेत. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा मराठी निवडली की मराठी वळण आपोआप येते. वेबसाइटवर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली की ब्राउझरही तेच करतो. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट तर खास मराठी वळणांसाठीच बनवलेला आहे.

चूक दिसण्यापुरती नसते

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. फरक फक्त रफार आणि आडव्या ‘ऱ्य’चा. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका दऱ्यांमधून येते आणि रेवदंड्याला दर्याला मिळते. फॉन्टमध्ये आडवा ‘र’ नसेल तर वाक्याचा अर्थच बदलतो. शेतकऱ्यांना, किनाऱ्यावर, बाऱ्या असे शब्द कोकणातल्या रोजच्या बातमीत येतात.

‘ऱ्य’ टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत : खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. एका मजकुरात एकच पद्धत ठेवावी.

रील्स आणि पोस्ट बनवताना

व्हिडिओ एडिटिंग अॅपमधले ‘एकेक अक्षर उमटणारे’ अॅनिमेशन आणि गोलाकार वळवलेला मजकूर यांत अॅप प्रत्येक चिन्ह वेगळे काढते. तिथे जोडाक्षर तुटण्याची शक्यता असते. अशा वेळी शब्दागणिक किंवा ओळीगणिक उमटणारे अॅनिमेशन निवडावे.

सगळ्या सेटिंग बरोबर असूनही एकच जोडाक्षर जुळत नसेल तर मजकुरात अदृश्य ‘विलगचिन्ह’ असू शकते. दुसरीकडून कॉपी केलेल्या मजकुरासोबत ते येते. तो शब्द पूर्ण पुसून हाताने पुन्हा टाइप केला की प्रश्न सुटतो.

छापायला देण्याआधीची एक ओळ

नवा फॉन्ट, नवे अॅप किंवा नवा प्रेस असेल तर आधी ही ओळ टाकून बघावी :

‘रोह्याच्या दऱ्या, रेवदंड्याचा दर्या, पेणच्या मूर्तींची प्रतिष्ठापना, अष्टमी, जिल्हा रायगड, महाराष्ट्र.’

यात ह्य, ड्य, ष्ट, ष्ठ, ल्ह, ष्ट्र, रफार, आडवा ‘ऱ’ आणि पहिली वेलांटी हे सगळे येते. ‘मूर्तींची’ या शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांवर चढत नाहीत ना, हेही दिसते. ओळ नीट उमटली तर नेहमीच्या मजकुराची फारशी काळजी उरत नाही.

शेवटी प्रेसला फाइल देताना मजकूर आउटलाइनमध्ये किंवा कोरलड्रॉमध्ये कर्व्हमध्ये बदलून द्यावा. म्हणजे तिथे तो फॉन्ट नसला तरी अक्षरे बदलत नाहीत. त्याआधी मूळ फाइलची एक प्रत मात्र जपून ठेवावी. आउटलाइन केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही आणि पुढच्या वर्षीच्या बॅनरवर तारीख बदलावीच लागते.