शिडाच्या नौकेवरील वीज-नियोजन : 'म्हादेई'च्या दोन परिक्रमा

जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या नौकेवर वीज नव्हती. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून चार बंदरांत थांबत, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता परिक्रमा केली. या सफरींचे वर्णन बहुधा धैर्याच्या अंगाने होते. विजेचा हिशेब मात्र उपेक्षित राहतो. विनाथांबा प्रवासात डिझेल पुन्हा भरता येत नाही, हा फरक निर्णायक होय.

विजेवरील स्वयंचलित सुकाणूने सरासरी ५ अँपिअर घेतले, तर दिवसाला १२० अँपिअर-तास खर्च होतात. ४०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मीच वीज वापरणे हिताचे. म्हणजे दोन दिवसही निघत नाहीत. शिवाय चार्जिंगचा शेवटचा टप्पा संथ असतो. तो पुरा करावा तर इंजिन तासन्‌तास चालवावे लागते, टाळावा तर बॅटरीचे आयुष्य घटते. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला भारनियमनाचे वेळापत्रक बाहेरून मिळते. खलाशाला ते स्वतःच आखावे लागते.

वाऱ्याच्या पात्यावर चालणाऱ्या सुकाणूला वीज लागत नाही. परंतु मागून येणारा वारा मंदावला की पाते निष्प्रभ ठरते, विजेचे सुकाणू जोडावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी पवनजनित्रही थंडावते.