सुवर्णदशक कीं सुवर्णस्मृति?

कोणत्याहि कलेचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे तिच्या ऐन भराचा काल कोणता, हा प्रश्न न बोलावतां पुढें येतो. पाश्चात्य देशांतील रॉक संगीताचे भोक्ते हा वाद दशकांच्या हिशेबानें घालतात. बीटल्स मंडळीच्या बहुतेक सर्व तबकड्या १९६२ ते १९७० या अवधींत निघाल्या. तेवढ्यावरून कोणी त्या दशकास शिरोभागीं बसवितो, तर कोणी पुढल्या दशकाचा कैवार घेतो; आणि बहुधा ज्यानें ज्या दशकांत तारुण्य घालविलें तेंच त्यास श्रेष्ठ वाटतें. आमच्याकडे दरबाराच्या आश्रयावांचून, लोकांच्या भाषेंत, टाळमृदंगाच्या साथीनें वाढलेलें गाणें म्हणजे अभंग. त्याच्या इतिहासांतहि असेंच एक दशक सर्वमान्य होऊन बसलें आहे. त्या मान्यतेचें मूळ कोठें आहे, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

हें दशक म्हणजे स्थूलमानानें इ. स. १२८७ ते १२९६. शके १२१२ म्हणजे १२९० सालीं नेवाशास ज्ञानेश्वरी सांगून झाली. सुमारें नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ, त्यामागून अमृतानुभव, चांगदेवपासष्टी, हरिपाठ आणि अभंग. आणि शके १२१८ च्या कार्तिकांत म्हणजे १२९६ सालीं आळंदीस समाधि. पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ हींहि गेलीं. देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करीत होता; महानुभावांचें लीळाचरित्र नुकतेंच तयार झालें होतें. अरणचा सांवता माळी १२९५ सालीं वारला, तोहि याच दशकाचा मानकरी. इतक्या थोड्या वर्षांत एवढें वैभव पाहून आमच्या वाङ्मयेतिहासकारांनीं त्यास सुवर्णकाल म्हटलें, यांत नवल नाहीं.

या दशकास एकच तुल्यबळ प्रतिस्पर्धी आहे. १६३० च्या दुष्काळांत होरपळून निघालेल्या देहूच्या वाण्यानें पुढील वीस वर्षांत अभंगाला जी धार आणली, ती त्यापूर्वीं वा त्यानंतर कोणास साधली नाहीं. केवळ एका कवीच्या उंचीवरून काल ठरवावयाचा, तर १६४० ते १६५० या दशकालाच मान द्यावा लागेल. परंतु तुकोबांनीं स्वतः आपला मान नामदेवाच्या पायांशीं ठेवला. नामदेवानें स्वप्नांत येऊन आपला अपुरा राहिलेला संकल्प पुरा करावयास सांगितलें, असें त्यांनीं म्हटलें आहे. म्हणजे वादाचा निकाल शोधूं जावें तों तो आपणांस पुन्हां त्या पहिल्याच दशकाकडे, आणि त्यांतील एका शिंप्याकडे नेतो.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, १२९६ पूर्वींच्या त्या दहा वर्षांविषयीं आपणांस जें ठाऊक आहे, तें कोणाच्या मुखानें? ज्ञानेश्वरीकारांनीं ग्रंथाच्या अखेरीस स्थळ, काळ, राजा व गुरु यांचा उल्लेख केला. स्वतःच्या चरित्राविषयीं ते जवळजवळ मुके आहेत. भावंडांचें बालपण, तीर्थयात्रा, संतांच्या भेटी, आळंदीचा तो शेवटला दिवस, हें सारें चित्र आपणांस मिळतें तें नामदेवाच्या नांवावर चालत आलेल्या आदि, तीर्थावळी व समाधि या प्रकरणांतून. ज्ञानदेव गेले तेव्हां नामदेव परंपरेच्या हिशेबानें सव्वीस वर्षांचा होता. आणि तो गेला १३५० सालीं, म्हणजे त्या वियोगानंतर चौपन्न वर्षांनीं. सुवर्णदशक ज्यानें पाहिलें त्यानेंच तें मागें राहून गाइलें, आणि गातां गातां तें सुवर्णाचें केलें. शोकाला दिलेला हा शब्दरूप आकार हीच मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली सनद होय.

येथें चिकित्सक वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्तच आहे. नामदेवाच्या गाथेंत सारेंच नामदेवाचें आहे काय? सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा याची रचना तींत मिसळली आहे, हें संशोधकांनीं कधींच दाखवून दिलें आहे. ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव निराळे आणि अभंगकार ज्ञानदेव निराळे, असा पक्ष शिवराम एकनाथ भारदे यांनीं ‘भारद्वाज’ या टोपणनांवानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकाअखेरीस मांडला, तेव्हां महाराष्ट्रांत केवढी खळबळ उडाली! पुढें १९७० सालीं महाराष्ट्र शासनानें नामदेवाची गाथा छापली; तरीहि कोणतें पद कोणत्या शतकाचें, हा गुंता सुटलेला नाहीं. परंतु या आक्षेपानें माझें म्हणणें ढिलें पडत नाहीं, उलट घट्ट होतें. वहींत लिहून ठेवलेलें वाङ्मय लेखणी थांबली कीं थांबतें. कीर्तनांत म्हटलें जाणारें पद मात्र म्हणणाराबरोबर वाढत राहतें, आणि म्हणणाराहि शेवटीं ‘नामा म्हणे’ असेंच म्हणतो. ख्रिश्चन नोवेट्झके या अमेरिकन अभ्यासकानें २००८ सालच्या आपल्या ग्रंथांत नामदेवाची परंपरा ही लोकांच्या सामुदायिक स्मृतीची परंपरा आहे असें प्रतिपादिलें, तें याच अर्थानें. अशा गाण्यास दशकाचें कुंपण घालावें तरी कोठें?

शिवाय १२९६ नंतरचीं तीं चौपन्न वर्षें कशी होतीं, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वर्षींच अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. वीसबावीस वर्षांत यादवांचें राज्य बुडालें. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें आपली राजधानी त्याच देवगिरीस आणली. १३४७ मध्यें बहामनी राज्य उभें राहिलें. मराठीस राजाचा आधार म्हणून उरला नाहीं. अशा काळांत गाणें जिवंत राहिलें तें वाळवंटांतील कीर्तनामुळें. तेरचा गोरा कुंभार १३१७ पर्यंत हयात होता. मंगळवेढ्याच्या कुसूखालीं चोखामेळा १३३८ सालीं दडपून गेला. त्याच्या अस्थि नामदेवानें पंढरीस आणल्या, असें परंपरा सांगते. गंगाखेडची जनाबाई नामदेवाच्या घरीं दळतांकांडतां अभंग रचीत राहिली, आणि अखेरपर्यंत त्याच्याच सोबत होती. याच काळांत नामदेव उत्तरेस गेला. पंजाबांत घुमान येथें त्याचें स्थान झालें, आणि १६०४ सालीं सिद्ध झालेल्या शीखांच्या आदिग्रंथांत त्याच्या एकसष्ट पदांस जागा मिळाली. सहा शतकांहून अधिक काळानें, २०१५ सालीं, मराठी साहित्य संमेलन घुमानास भरलें, तेव्हां मराठी माणूस त्या जुन्या वाटेनें उशिरां कां होईना चालून गेला.

सुवर्णदशकाची कल्पना निरुपद्रवी नाहीं, ती येथेंच कळून येते. १२९६ सालीं पडदा पाडला कीं चोखा, जनी व गोरा हीं आपोआप मावळतीच्या बाजूस जातात. ज्ञानदेवांच्या तेजानें उजळलेलीं लहान नक्षत्रें, एवढेंच त्यांचें स्थान आमच्या पाठ्यपुस्तकांतून उरतें. वस्तुतः महारवाड्यांतून व जात्यावरून आलेला तो आवाज मराठींत तोंपर्यंत असा उमटलाच नव्हता. संस्कृतांतील ज्ञान मराठींत आणणें ही एक निर्मिति. ज्यांस तें ज्ञान नाकारलें होतें त्यांनीं स्वतःचें सुखदुःख मराठींत देवाला ऐकविणें, ही दुसरी. दुसरी पहिलीवांचून झाली नसती हें खरें. पण म्हणून ती पहिलीची सावली ठरत नाहीं.

तर मग माझा कौल कोणास, असें कोणी विचारील. दशकच मागत असाल तर मी देणार नाहीं. काल मागत असाल तर १२९६ ते १३५० हा काल मी पुढें करीन. ज्ञानेश्वरी हें शिखर आहे. तिच्या तोडीचा ग्रंथ त्या चौपन्न वर्षांत झाला नाहीं, हें मी मोकळेपणीं मान्य करितों. परंतु शिखर एकटें उभें राहिलें असतें तर विद्वानांनीं त्याची उंची मोजली असती, आणि लोक पायथ्यावरून निघून गेले असते. एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध करून घेतली. त्यापूर्वीं तीनशें वर्षें ज्ञानोबांचें नांव लोकांच्या जिभेवर राहिलें कसें, याचें उत्तर पोथ्यांइतकेंच, किंबहुना पोथ्यांहून अधिक, कीर्तनांत शोधावें लागतें.

हिंगोलीजवळ कयाधूच्या कांठीं नरसी हें लहानसें गांव नामदेवाचें नांव लावून उभें आहे. त्याचा जन्म येथें झाला कीं पंढरपुरीं, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. पण नरसीहून थोड्याच अंतरावर औंढ्यास विसोबा खेचरांची आणि नागनाथाच्या देवळाची कथा आहे, आणि जनीचें गंगाखेड व गोरोबाचें तेर हींहि याच मराठवाड्यांत आहेत. ज्या प्रांतास आमचे शहरी लेखक पुष्कळ दिवस मागासलेला म्हणत आले, त्या प्रांतानें मराठीला तिचें सर्वांत टिकाऊ गाणें दिलें. सुवर्णकालाची गणना करितांना एवढी नोंद राहून जाऊं नये. गाणें प्रथम कोणीं म्हटलें, याचा इतिहास आम्हीं पुष्कळ लिहिला. तें कोणीं विझूं दिलें नाहीं, याचा इतिहास अजून लिहावयाचा आहे.